पाऊस बदलला, वाट कशी बदलायची? मेंढपाळांचे आणि शेतकऱ्यांचे प्रश्न

सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत मेंढपाळांची आणि त्यांच्याशी व्यवहार असलेल्या शेतकऱ्यांची पत्रं जास्त आहेत. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालक यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्तानं या वेळचं सगळं सदर कळप घेऊन फिरणाऱ्यांच्या प्रश्नांना दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. औषधांच्या मात्रा दिल्या आहेत, तरी वजन आणि गाभणपण बघून जवळच्या पशुवैद्यकाकडून त्या पक्क्या करून घ्या.

प्रश्न : आम्ही माण तालुक्यातले. दिवाळी झाली की वरंधा घाटानं महाडकडे उतरायचं आणि मिरगाच्या आधी घाटावर परत यायचं, ही वाडवडिलांची रीत. आता खाली उतरावं तर भात उभाच असतो, शेतात चिखल. परत येताना मे महिन्यातच पाऊस गाठतो. निघायचं कधी, फिरायचं कधी?

उत्तर : वाट तीच ठेवा, तारीख मात्र पावसावर सोडा. हवामान खात्यानं २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्यानं ठरवल्या. वायव्य भारतातून पाऊस परत फिरायला सुरुवात होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर झाली आणि मुंबईतून पाऊस जाण्याची २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर. म्हणजे तुम्ही जे डोळ्यांनी पाहताय ते सरकारी तक्त्यातही आलं आहे. भाताची कापणी, झोडणी आणि जमीन वाळणं सगळंच त्यामुळे पुढे सरकतं.

घाट उतरण्याआधी तीन गोष्टी बघा. खालच्या दोन-तीन ओळखीच्या शेतकऱ्यांना फोन करून भात कापून झोडून झालं का विचारा. नुसतं कापलेलं असेल तर उडवी (कापलेल्या भाताची रास) शेतातच असते आणि मग भांडणं होतात. शेतात टाच दाबून बघायला सांगा. खड्ड्यात पाणी साचलं तर तिथे वाडा, म्हणजे कळपाचा रात्रीचा तळ, बसवण्यात अर्थ नाही. आणि पुढच्या पाच दिवसांचा अंदाज बघा, कारण घाटात कळप असताना पाऊस आला तर ना मागे जाता येतं ना पुढे.

चिखलाची भीती उगीच नाही. दख्खनी मेंढी कोरड्या माळाची. दोन-तीन दिवस सलग ओल्यात उभी राहिली की खुरांच्या बेचक्यातली कातडी मऊ पडते, जंतू शिरतात आणि खूर कुजायला लागतो. कळपातली एक लंगडली की आठवडाभरात दहा लंगडतात. उतरण्याआधी खुरं छाटून घ्या आणि दहा लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट अशा द्रावणात मेंढ्या पाच ते दहा मिनिटं उभ्या करा. पाणी दोन-तीन इंच खोल पुरे. नंतर तासभर कोरड्या जागेवर थांबवा, नाहीतर औषध चिखलात धुऊन जातं. झिंक मिळालं नाही तर मोरचूद चालतो, दहा लिटरला अर्धा किलो. पण तांबं मेंढीला फार लवकर बाधतं. त्या द्रावणाला तोंड लावू देऊ नका, आधी पाणी पाजून मगच आत घाला.

थांबावं लागलं तर चारायचं काय, हा खरा प्रश्न. त्यासाठी गावाकडचा एखादा माळाचा तुकडा जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद ठेवायचा आणि ऑक्टोबरात उघडायचा. मूग, उडीद, बाजरी निघालेली रानं त्याच वेळी मोकळी होतात. दुसरी सोय म्हणजे पूर्वेकडची वाट हाताशी ठेवणं. भीमा-नीरा काठच्या उसाच्या पट्ट्यात तोडणी सुरू झाली की वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळतात. नुसत्या वाढ्यांवर मेंढरं फार दिवस ठेवू नयेत. वाढ्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि गाभण, दुभत्या मेंढ्या खंगतात. सोबत खनिज मिश्रण आणि थोडा कोरडा चारा हवाच.

परतीचा हिशोब अधिक कडक ठेवा. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत आला. सरासरी तारीख ११ जून आहे. मिरगावर भरवसा ठेवून खाली थांबलेल्यांना त्या वर्षी वेळच मिळाला नाही. यापुढे १५ ते २० मेपर्यंत घाट चढून व्हावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. वर त्या वेळी गवत नसतं हे खरं. म्हणून मार्च-एप्रिलमध्येच बाभळीच्या आणि हिवराच्या शेंगा पोत्यात भरून ठेवायच्या. मोठ्या मेंढीला रोज २०० ते २५० ग्रॅम शेंगा, त्याही कुटून, कारण अख्ख्या शेंगेतलं बी तसंच लेंडीतून बाहेर पडतं. गाभण, म्हाताऱ्या मेंढ्या आणि महिन्याच्या आतली कोकरं गाडीनं वर पाठवा, बाकीचा कळप पायी येऊ द्या. दोन-चार वाड्यांनी मिळून एक गाडी केली तर भाडं परवडतं.

कोकणातून आणखी एक दुखणं सोबत येतं. भातखाचरातल्या गोगलगायींमुळे यकृतात चपटे कृमी होतात. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबली, डोळ्याची आतली पापणी लालऐवजी पांढरट दिसली की समजावं. वर आल्यावर ट्रायक्लाबेंडाझोल, किलो वजनाला १० मिलिग्रॅम. ऑक्सिक्लोझानाइड (किलोला १५ मिलिग्रॅम) फक्त मोठे कृमी मारतं, त्यामुळे ते दिलं तर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा द्यावं लागतं.

प्रश्न : अवकाळी पावसात एका रात्रीत आमच्या वाड्यातली तीस-चाळीस मेंढरं गेली. नुसत्या पावसानं एवढी कशी मरतात? आणि माळावर उघड्यावर करायचं तरी काय?

उत्तर : मारतो तो पाऊस, वारा आणि गारठा तिन्हींचा मेळ. १ आणि २ डिसेंबर २०२१ च्या पावसात पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेकडो मेंढ्या अशाच गेल्या. कोरडी लोकर ऊब धरते. भिजलेली लोकर वाऱ्यात अंगातली ऊब बाहेर खेचते. पोट रिकामं असेल तर आतून ऊब तयार होत नाही, आणि नुकतीच कातरणी झालेली असेल तर अंगावर काहीच राहत नाही. सगळ्यात आधी कोकरं जातात, मग कातरलेल्या, मग गाभण.

म्हणून पहिली गोष्ट कातरणीची. दिवाळीनंतरची कातरणी परतीचा पाऊस पुरता थांबल्यावर, पुढच्या आठ-दहा दिवसांत पावसाचा इशारा नसतानाच करा. कळपातल्या सगळ्या मेंढ्या एकाच दिवशी कातरू नका. निम्म्या आता, निम्म्या तीन आठवड्यांनी. आज लोकरीला भाव नाही, वर्षाकाठी मेंढीमागे अर्ध्या किलोच्या आसपासच निघते, त्यामुळे कातरणी चार आठवडे पुढे गेली तर तोटा काही नाही.

तळाची जागा दिवसाउजेडी निवडा. ओढ्याचं पात्र नको, एकटं झाड नको, बांधाच्या खालची बाजू नको. हलका उतार आणि मुरमाड जमीन हवी. वरच्या अंगाला कुदळीनं सहा इंच खोल चर काढला तर वरचं पाणी वाड्यात शिरत नाही. १८ बाय २४ फुटांच्या दोन ताडपत्र्यांखाली शंभर मेंढ्या दाटीनं मावतात. वाऱ्याकडची बाजू जमिनीपर्यंत दाबून तिच्यावर दगड ठेवा, दुसरी बाजू कमरेइतकी उघडी ठेवा. चारही बाजू बंद केल्या तर आत वाफ कोंडते, मूत्राचा वास डोळ्यांत-फुप्फुसांत जातो आणि चार दिवसांनी खोकला सुरू होतो. वाघर, म्हणजे कळपाभोवतीची जाळी, चौकोनी लावू नका. पावसाच्या माऱ्यानं सगळी मेंढरं एका कोपऱ्यात रेटतात आणि खालची गुदमरून मरतात. मेलेल्यांपैकी कित्येक गारठ्यानं नाही, अशा चेंगराचेंगरीनं मेलेली असतात. जाळी गोल लावली की कोपराच उरत नाही. सगळ्यांसाठी ताडपत्री नसेल तर कोकरं आणि त्यांच्या आया, मग कातरलेल्या, असा क्रम ठेवा.

पाऊस येण्याआधी संध्याकाळी कोरडा चारा पोटभर घाला. कडबा, बाजरीचं सरमाड, भुसा, काहीही. कोरडा चारा पोटात रात्रभर आंबत राहतो आणि त्यातून ऊब मिळते, तशी ओल्या हिरव्या चाऱ्यातून मिळत नाही. मोठा कळप असेल तर प्रत्येक वाड्यानं दोनशे पेंढ्यांची गंजी आसपासच्या शेतकऱ्याकडे ठेवलेली असावी.

गारठलेलं कोकरू ओळखायचं तर त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड थंड लागलं की वेळ कमी आहे. गोणपाटानं जोरात घासून कोरडं करा, शेकोटीजवळ घ्या पण धगीत नको. मान स्वतः उचलून धरत असेल तरच कोमट दूध किंवा गुळाचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजा. मान टाकलेल्या कोकराला पाजलं तर ते फुप्फुसात जातं. अशा कोकराला पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन द्यावं लागतं, ते पशुवैद्यकाचं काम. कोकरू जन्मून पाच-सहा तासांहून जास्त झाले असतील तर ग्लुकोज आधी आणि शेक नंतर, कारण शेकल्यावर अंगातली उरलीसुरली साखर झपाट्यानं संपते आणि ते झटके देऊन मरतं.

पाऊस गेला म्हणजे सुटलो असं नाही. तीन ते सात दिवसांत फुप्फुसदाह दिसतो. दोन-तीन आठवड्यांनी जठरातले गोल कृमी वाढतात. चिलटं वाढली की नीलजिव्हा येतो, म्हणजे तोंड सुजणं, नाकाला खपल्या, लंगडणं. तिन्हींवर नजर ठेवा.

विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा. आसपास कुठे वीज पडते आहे ते त्यावर दिसतं. ढग गडगडायला लागले की कळप झाडाखालून आणि तारेच्या कुंपणापासून दूर काढा, आणि शक्य तेवढा पांगवा.

भरपाईबद्दल विचारलं आहे म्हणून सांगतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या मेंढी किंवा शेळीमागे ४,००० रुपये आणि एका कुटुंबाला लहान जनावरांसाठी ३० ची मर्यादा ठरवली होती. पंचनामा जिथे जनावर मेलं तिथल्या तलाठ्यानं करायचा असतो, तुमच्या गावच्या नाही. त्यामुळे पुरण्याआधी त्याच दिवशी तिथल्या तलाठ्याला आणि पशुधन विकास अधिकाऱ्याला कळवा. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक दिसेल असे फोटो काढा. बिल्ला नसलेल्या मेंढ्यांची मालकी सिद्ध करताना दमछाक होते, म्हणून निघण्याआधी बिल्ले मारून घ्या.

प्रश्न : कोकरं नेमकी वाटेवर, ऐन गारठ्यात जन्मतात. यावर उपाय?

उत्तर : मेंढा सोडण्याची तारीख बदला. मेंढी साधारण १५० दिवसांनी विते. जूनच्या मध्याला मेंढा लागला तर कोकरं नोव्हेंबरच्या मध्याला, म्हणजे घाटातच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सोडला तर जानेवारीच्या सुरुवातीला, खाली तळ स्थिर झाल्यावर. ऑगस्टात गवत भरात असतं, मेंढ्या चांगल्या माजावर येतात, आणि मे महिन्यात घाट चढताना कोकरं चार महिन्यांची दणकट झालेली असतात. पंचवीस-तीस मेंढ्यांमागे एक मेंढा, तोही फक्त पाच-सहा आठवडे. इतर वेळी त्याच्या पोटाखाली गोणपाटाचं फडकं बांधायची जुनी युक्ती अजूनही सगळ्यात स्वस्त आहे. फडकं आठवड्याला सोडून, कातडी सोललेली नाही ना ते बघून, वाळवून पुन्हा बांधा.

प्रश्न : माझी इंदापूर तालुक्यात दोन एकर हलकी जमीन आहे. खतासाठी रात्री शेतात मेंढरं बसवायची आहेत. किती रात्री बसवावीत, कधी, आणि तणाचं बी येतं ही तक्रार खरी आहे का?

उत्तर : शंभर मेंढ्या रात्रीला साधारण एक गुंठा धरतात, असा हिशोब धरा. चारशेचा वाडा असेल तर रात्रीला चार गुंठे, म्हणजे एकराला दहा रात्री, तुमच्या दोन एकराला वीस. एक मेंढी रात्रभरात अर्धा किलोच्या आसपास ताजी लेंडी टाकते, त्यामुळे एकरी सुमारे दोन टन लेंडी पडते, शिवाय मूत्र. लेंडीखतात साधारण ३ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद आणि २ टक्के पालाश धरतात.

लोक चूक करतात ती नंतर. मेंढरं उठली की शेत तसंच उन्हात पडू देतात. मूत्रातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं, आणि मे महिन्याच्या उन्हात ते दोन-चार दिवसांतच जातं. वाघर रोज पुढे सरकते, तर कुळवाची पाळीही तिच्या मागोमाग, एक-दोन दिवसांत फिरायला हवी. तसंच मुसळधार पाऊस आला तर वर पडलेली लेंडी वाहून बांधाला जाऊन साचते. मातीत मिसळलेली जागेवर राहते. पूर्वी अख्खा मे महिना निवांत मिळायचा. आता वळवाचा भरवसा नाही, म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यात बसवून घ्या. जमीन ओली असेल तर बसवू नका. भारी जमिनीत खुरांनी माती घट्ट होऊन ढेकळं निघतात.

तणाची तक्रार निम्मी खरी आहे. वेड्या बाभळीचं बी मेंढीच्या पोटातून सुखरूप बाहेर येतं. तीन-चार दिवस आधीपासून कळप तिच्या शेंगांवर चरलेला नसावा, एवढी अट आधीच घाला. मेंढके ती पाळतात, कारण त्यांना पुढच्या वर्षीही तुमचंच शेत हवं असतं.

मोबदला धान्यात असो वा पैशात, चार गोष्टी आधी बोलून घ्या : रात्री किती, पाणी कुठलं, राखणीची कुत्री कुठे राहतील, आणि शेजारच्या पिकात शिरल्यास भरून कोण देणार. या चार गोष्टी ठरलेल्या असतील तर दहा वर्षं एकच वाडा एकाच शेतात येतो. हवामानाचा भरवसा जसा कमी होतो तसं हे नातं मेंढक्याला चाऱ्याइतकंच आणि शेतकऱ्याला खताइतकंच मोलाचं ठरतं.

प्रश्न : काढणी झालेल्या रानात मेंढरं घातली आणि तासाभरात पाच आडवी झाली. कशानं?

उत्तर : पत्रात ज्वारीच्या रानाचा उल्लेख आहे आणि आधी उघडीप, मग पाऊस झाल्याचं लिहिलं आहे. तसं असेल तर ही किराळ, म्हणजे ज्वारीची विषबाधा. सुकलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना पाऊस पडल्यावर कोवळे फुटवे येतात, त्यांत हायड्रोसायनिक आम्लाचा अंश फार असतो. श्वास धापा टाकत, तोंडाला फेस, हिरड्या लालभडक, आणि थोड्याच वेळात मेंढी पडते. पशुवैद्यक शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. उशीर झाला तर उपयोग नाही. पाऊस आता दोन टप्प्यांत पडतो, मधला खंड मोठा, त्यामुळे हे प्रकार वाढणार. दीड महिन्याच्या आतली ज्वारी आणि पावसानंतरचे फुटवे दोन्ही टाळा, उपाशी कळप तर अशा रानात मुळीच घालू नका. पूर्ण वाळलेला कडबा बाधत नाही.

बाकी धोके थोडक्यात. खळ्यावर सांडलेली मका, सोयाबीन, गहू भसाभस खाल्ले की पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, हगवण आंबट वासाची होते. तीस किलोच्या मेंढीला वीस ग्रॅम खायचा सोडा अर्धा लिटर पाण्यातून द्या आणि दिवसभर फक्त कोरडा चारा. फेकलेला कांदा मेंढी खाते, पण एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्याहून जास्त नको, रक्त कमी होतं. फवारणी कधी झाली ते शेतकऱ्याला विचारल्याशिवाय कापसाच्या, भाजीच्या रानात शिरू नका; आम्ही तीन आठवडे धरतो. पिंपात औषध कालवतात त्या जागेचं डबकं आणि ठिबकला युरिया सोडतात ती टाकी या दोन ठिकाणी तहानेल्या कळपाचे सगळ्यात जास्त बळी जातात. आंत्रविषाराची लस मेअखेर ते जूनमध्ये, पहिल्यांदा देत असाल तर पंधरा दिवसांनी दुसरा डोस. चांगल्या चाऱ्यावर गेलेली गुटगुटीत कोकरं याच रोगानं अचानक मरतात.

प्रश्न : आमच्या गावाला पंचवीस एकर गायरान आहे. वृक्षलागवडीखाली तिथे गिरिपुष्प लावायचं म्हणतात. धनगरवाडीचा विरोध आहे. ग्रामपंचायत सदस्य म्हणून मी काय भूमिका घ्यावी?

उत्तर : धनगरवाडीच्या बाजूनं उभे राहा. कमी पावसाच्या मुरमाड माळावर गवत हीच मूळची वनस्पती आहे. मारवेल, पवन्या, डोंगरी या बहुवर्षायू गवतांची मुळं खोल जातात, माती धरतात, कर्बही जमिनीखाली साठवतात, आणि आगीनं किंवा दुष्काळानं वरचं गवत गेलं तरी मुळं राहतात. गिरिपुष्प दाट वाढतं, त्याच्या सावलीत गवत मरतं, आणि त्याचा पाला मेंढ्या सहसा आवडीनं खात नाहीत. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी, माळावरचे चिंकारे, लांडगे हे सगळे मोकळ्या गवताचे जीव आहेत. 'पडीक' हा शिक्का कागदावरचा आहे, जमिनीचा नाही.

विरोधासोबत आराखडाही द्या. पंचवीस एकराचे तीन तुकडे करा. पहिल्या पावसापासून सप्टेंबरअखेरपर्यंत एक तुकडा पूर्ण बंद, बाकीच्या दोनांत आळीपाळीनं चराई. पुढच्या वर्षी बंद तुकडा बदला. गवताला बी धरू देणं हाच सगळ्या सुधारणेचा पाया आहे. नांगरट करू नका, त्यानं उरलेली मुळंही जातात. गवत विरळ असलेल्या जागी गेल्या वर्षीचं बी (ताज्या बियांना सुप्तावस्था असते) एकरी दोन-तीन किलो, माती आणि शेण यांच्या गोळ्यांत घालून पहिल्या पावसाच्या तोंडावर फेका. सोबत स्टायलो (द्विदल चारा) एकरी दोन किलो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'फुले क्रांती' हा त्याचा वाण आहे. स्टायलोचं बी कठीण कवचाचं. ८० अंश गरम पाण्यात चार मिनिटं आणि मग रात्रभर थंड पाण्यात भिजवलं नाही तर निम्मं उगवतच नाही.

किती मेंढ्या चरतील याचा हिशोब करून ग्रामसभेपुढे ठेवा. पंचवीस एकर म्हणजे दहा हेक्टर. बरं राखलेलं कुरण हेक्टरी दोन टन वाळलं गवत देतं असं धरलं तर वीस टन. त्यातलं निम्मंच चरायचं, निम्मं मुळांसाठी आणि बियांसाठी सोडायचं. उरतात दहा टन. मेंढीला दिवसाला एक किलो वाळलं गवत लागतं. म्हणजे शंभर मेंढ्यांची शंभर दिवसांची सोय. पाऊस कमी झाला त्या वर्षी हाच हिशोब ऑक्टोबरात पुन्हा करायचा आणि कळप लवकर बाहेर काढायचा.

कुसळीचं गवत असेल तर ते सप्टेंबरच्या मध्याआधी चारून घ्या. नंतर कुसळं लोकरीत शिरतात, कातडीतून आत जातात, तोंडात जखमा करतात. झाडंच हवी असतील तर बांधाच्या कडेनं बोर, हिवर, बाभूळ, एकरी आठ-दहा. पाण्याची एक टाकी आणि लांबट गव्हाणी बांधा. उन्हाळ्यात मेंढीला दिवसाला सहा ते आठ लिटर पाणी लागतं, आणि पाण्यासाठी रोज चार-पाच किलोमीटर चालली तर चरलेलं सगळं चालण्यातच जातं.

प्रश्न : माझ्याकडे साठ मेंढ्या आहेत. भटकंती सोडून शेड बांधावं आणि जुळी देणारी जात आणावी असं वाटतं. वडील नको म्हणतात.

उत्तर : शेडचा खर्च बाजूला ठेवून आधी चाऱ्याचा हिशोब करा. बांधलेल्या मेंढीला रोज तीन किलो हिरवा, अर्धा किलो कोरडा चारा आणि शंभर-दीडशे ग्रॅम खुराक. साठ मेंढ्यांना दिवसाला १८० किलो हिरवा, म्हणजे वर्षाला ६५ टनांच्या वर, आणि जवळपास ११ टन कडबा. बारमाही पाण्याखालचं किमान एक एकर संकरित नेपियर तुमच्याकडे असेल, आणि दुष्काळी वर्षीही त्या एकराला पाणी मिळेल, तरच पूर्ण बंदिस्त पालनाकडे वळा. पाणी आटलं त्या वर्षी शेडमधला कळप पडेल भावानं विकावा लागतो. चालणारा कळप पाऊस पडलेल्या गावाला जातो. वडील यासाठीच नको म्हणत असावेत.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं पश्चिम बंगालच्या गरोल मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. जात चांगली आहे, पण जुळ्यांना पुरेल इतकं दूध यायला आईला खुराक लागतो, आणि लांबच्या वाटेवर दुसरं कोकरू मागे पडतं. म्हणून मधला मार्ग सुचवतो. चाळीस दख्खनी मेंढ्या चालत्या ठेवा. वीस घरी ठेवा, त्यांत जुळी देणाऱ्या आणा, आणि चालत्या कळपातली नर कोकरं तीन महिन्यांची झाली की घरच्या शेडमध्ये आणून दोन-तीन महिने खुराकावर वाढवून विका. भटक्या जमाती (क) साठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर ७५ टक्के अनुदानावर मिळतात. जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात अर्जाच्या मुदतीची चौकशी करा.

प्रश्न : इतर देशांतले पशुपालक काय करतात? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : दक्षिण इथिओपियातले बोराना मूळचे गाईवाले. सलग दुष्काळांत गाई गेल्या तसे ते उंट आणि शेळ्या पाळायला लागले, कारण उंट झुडपं खातो, जास्त दिवस पाण्याशिवाय राहतो आणि गाय आटल्यावरही दूध देतो. केनियाच्या मार्साबित भागात २०१० पासून आणि बोरानात २०१२ पासून असा विमा आहे की ज्यात जनावर मेल्याचा पुरावा लागत नाही. उपग्रहातून दिसणारी हिरवळ ठरलेल्या पातळीखाली गेली की पैसे मिळतात. त्यात त्रुटी आहेत. उपग्रहाला वेडी बाभूळही हिरवीच दिसते. तरी जनावर मरायच्या आधी चारा विकत घ्यायला पैसा हातात येतो, हे पंचनाम्यापेक्षा बरं. महाराष्ट्रात फिरत्या कळपांसाठी असा प्रयोग व्हायला हवा असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : वनहक्क कायदा आदिवासींपुरताच आहे ना? मग मेंढपाळांना त्याचा काय उपयोग?

उत्तर : नाही, तेवढ्यापुरता नाही. २००६ च्या कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये स्थायिक आणि फिरत्या दोन्ही पशुपालकांच्या चराईचा आणि हंगामी वापराचा सामूहिक हक्क आहे. आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा वास आणि वनावरचं अवलंबन दाखवावं लागतं, हीच मोठी अडचण. नियम १२ मध्ये मात्र फिरत्या जमातींच्या दाव्याची पडताळणी ते लोक हजर असतील अशाच वेळी करावी असं म्हटलं आहे. म्हणून दावा वाटेवरच्या गावाच्या ग्रामसभेत, तळ तिथे असताना दाखल करा. सोबत जुन्या चराई पावत्या, वनखात्याच्या दंडाच्या पावत्या (दंड झाला म्हणजे वावर होता हे सिद्ध होतं), गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब, वाटेवरच्या बिरोबाच्या ठाण्यांची, पाणवठ्यांची आणि तळांची यादी नकाशासह जोडा. अर्जाची पोच तारखेसह घ्या आणि तिची एक प्रत गावाकडे राहणाऱ्यांच्या हाती ठेवा.